माहुलीचा दोर

चंद्रपूर
६ नोव्हेंबर २०२२

ती. मुखरूमामांस,
भाची रंजीताचा जोहार आणि पायांना हात. वि. वि.

तुम्ही धानोऱ्याच्या एसटीत ठेवलेला दोर काल हाती आला. तुम्ही मुलीसारखा जपून आण म्हणून बजावलं होतं, तेव्हा कंडक्टरांनी तो सीटवर बसवूनच आणला. माहुलीच्या वेलाच्या सालीचा इतका गुळगुळीत दोर इथं कुणी पाहिला नव्हता. आमच्या बॅले मंडळीच्या गोदामात उंदीर फार आहेत, आधीचे दोन दोर त्यांनी खाल्ले. म्हणून तुम्हाला त्रास दिला.

आता तो कशाला लागतो ते सांगते. धनराज सरांनी नवा बॅले बसवला आहे, ‘मोहाची सावली’. पडदा उघडला की उंच झाडावरून झुला खाली येतो आणि त्यावर वनदेव बसलेला असतो. हे काम विनोददादाचं होतं. नऊ वर्षं आमच्या प्रत्येक बॅलेत पहिला प्रवेश त्याचाच. पण दिवाळीनंतर सर म्हणाले की मोहाचं झाड लेकरांना पोसतं, ते आईच असायला हवं, आणि ते काम मला दिलं. मामा, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. विनोददादानंच मला गिरकी शिकवली आहे. त्यानं मात्र हसून माझी पाठ थोपटली.

झुल्याची भीती बाळगू नका. सरांचा नियमच आहे, जिथं शिष्य चढणार तिथं आधी ते स्वतः चढतात.

मी अजून बाबूभाईंकडेच राहते. ते आमचे शिंपी, सगळा कपडेपट त्यांचा. होस्टेल सुटलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, नसीमचाचींनी, माझी पेटी उचलून घरात नेली होती, ती मी अजून बाहेर काढलेली नाही. चाची मला भात वाढताना थांबतच नाहीत. तुमची भाची आता झुल्याला जड होणार.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
रंजीता

*

कोसमीटोला, ता. धानोरा
११ नोव्हेंबर २०२२

चि. रंजीताले मुखरूमामाचा आशीर्वाद. इथी सारे बरे आहेत, तुही खुशाली लिहीत जा.

तुहं पत्र माह्या पोरानं, लोकेशनं वाचून दाखवलं, मंग मी पुन्हा चष्मा लावून वाचलं. फोन करून काही फायदा नाई बाई, टेकडीवर चढलो तं रेंज भेटते, पण मले ऐकू येत नाई. पत्रच बरं. पत्र काही ओरडत नाई.

जड झाली तं होऊ दे. त्या दोरानं म्हैस बांधली तं म्हैस हलणार नाई. वनमजुरीत तीस वर्सं काढली, दुसरं काही नाई आलं पण दोर वळता येते. धान कापून झाला, आता मळणी करून राह्यलो. तुही मामी म्हणते का बाबूभाईच्या घरच्या बाईले आमचा जोहार सांग. दुसऱ्याच्या लेकीले पोटभर जेवू घालणं हे लहान काम नाई. आम्ही त्यांचे उपकार कवा फेडू माहीत नाई, पण आठवण ठेवून आहो.

अन् तुह्या सराले सांग, त्याच्यासारखा गुरू सगळ्याइले भेटत नाई.

जीव लावून आहो, तूही लाव.
मुखरू

*

चंद्रपूर
२१ नोव्हेंबर २०२२

ती. मामा,
नमस्कार. वि. वि. हे पत्र बसून वाचा.

धनराज सर गेले.

शुक्रवारी, अठरा तारखेला सकाळी रंगीत तालीम होती. मी मोहाचा वेश चढवून झुल्यापाशी उभी होते. सरांनी नेहमीप्रमाणे मला बाजूला केलं, स्वतः बसले आणि वर ओढायला सांगितलं. पंधरा फूट वर गेल्यावर त्यांनी खाली पाहून विचारलं की पानं दिसतात का नीट. मी हो म्हणाले. आणि दोर तुटला. सर मानेवर पडले. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत.

आधी सगळे म्हणाले की जंगली दोर होता, कुजका निघाला. मामा, ते ऐकताना मला तुमचे हात आठवत होते. मग फौजदार बाई आल्या. त्यांनी तुटलेलं टोक उजेडात धरलं आणि म्हणाल्या की हा तुटलेला नाही, आतून अर्धा कापलेला आहे. म्हणजे हा खून आहे.

त्यांनी प्रत्येकाला विचारलं की आदल्या संध्याकाळी झुल्याजवळ कुणाला पाहिलं. मी बाबूभाईंना पाहिलं होतं, मोठी कात्री घेऊन. तेच सांगितलं. त्याच आठवड्यात सरांचं नि बाबूभाईंचं पानांच्या कापडावरून जोरात वाजलं होतं, तेही कुणीतरी सांगितलं. बाबूभाई म्हणाले की ते फक्त झुल्याची झालर कापत होते. शनिवारी त्यांना अटक झाली.

मी खोटं बोलले नाही, पण मी बोलले म्हणून ते आत आहेत. नसीमचाचींनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. काल रात्रीही ताट वाढलं. मी ते तसंच झाकून ठेवलं.

सरांना एकोणीसला पोचवलं. विनोददादाचे दोन्ही हात चहाच्या पातेल्यानं पोळलेत, पट्ट्या बांधल्या आहेत, तरी त्यानं खांदा दिला. त्याचे डोळेही रडून सुजलेत. सगळी मंडळी पोरकी झाली.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. एवढंच सांगायला लिहिलं.
तुमची,
रंजीता

*

कोसमीटोला
२५ नोव्हेंबर २०२२

चि. रंजीता,
आशीर्वाद. हे पत्र डाकेत टाकत नाई, लोकेश स्वतः घेऊन येऊन राह्यला. वाचून झालं का लगेच त्या फौजदार बाईकडे जा.

तुहं पत्र वाचलं. तुह्या सराच्या नावानं पेनठाण्यात देवापुढं दिवा ठेवला. आमचं लेकरू जिथी बसणार होतं तिथी तो बसला.

आता दोराची गोष्ट आयक. तू उंदरांचं सांगतलं होतं. म्हणून मी दोर पाच पदरी वळला. चार पदर वर अन् एक पोटात. पोटातल्या पदराले बिब्ब्याचं तेल पाजलं. त्याले उंदीर तोंड लावत नाई, वाळवी लागत नाई. वरचे चार पदर कोरडे ठेवले, काऊन का तुह्या हाताले लागू नये. ज्यानं दोर बांधला, धरला, ओढला, त्याले काही होणार नाई. पण ज्यानं वरचे पदर बोटानं फाकवून पोटात पातं घातलं, त्याच्या हाताले बिब्बा लागलाच पाह्यजे. पाण्यानं जात नाई तो. एक-दोन दिवसात हात उतते, फोड येते, अन् तोच हात डोळ्याले लागला तं डोळाही सुजते. माह्या हाताले चाळीस वर्सांपासून डाग आहेत, मले कोण सांगणार.

मी हे तुले आधी नाई सांगतलं, कारण गरज वाटली नाई. आता वाटते का सांगतलं असतं तं बरं झालं असतं.

बाबूभाईचे हात पाहा म्हणा. तो अटकेत आहे, हात लपवता येत नाई. साफ असतील तं तो नाई. अन् मंडळीत ज्याचे हात बांधले आहेत त्याच्या पट्ट्या डॉक्टरसमोर सोडा म्हणा. कोणाचं नाव मी घेत नाई. म्या त्याले पाह्यलं नाई. पण तू लिहिलेलं मी चारदा वाचलं.

एकटी जाऊ नको. नसीमबाईले सोबत घे.

तू जे पाह्यलं ते सांगतलं, त्यात पाप नाई. पण अर्धं पाह्यलं होतं. आता उरलेलं जाऊन सांग.

आम्ही सारे तुह्या पाठीशी आहो.
मुखरूमामा

*

चंद्रपूर
३ डिसेंबर २०२२

ती. मामा आणि मामी,
जोहार. वि. वि.

काय झालं ते सांगायला बसले आहे आणि सुरुवात कुठून करू कळत नाही.

लोकेश आला त्याच दुपारी मी नसीमचाचींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ओढणी घेतली, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या की चल. मी म्हटलं, चाची, तुम्ही माझ्यासोबत याल? त्या म्हणाल्या, “तेरे सोबत नाई तं कोणाच्या सोबत जाऊ?”

फौजदार बाईंनी पत्र दोनदा वाचलं. बिब्बा त्यांना माहीत होता, त्या राजुऱ्याकडच्या आहेत. दोराचं टोक तपासायला पाठवलं, त्यात तेल निघालं. बाबूभाईंचे हात डॉक्टरांनी पाहिले. सुईचे टोचे होते, दुसरं काही नाही. मग सगळ्या मंडळींना बोलावलं. विनोददादाच्या पट्ट्या सोडल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले की हे पोळलेलं नाही, बिब्बा उतला आहे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत.

तो नाकारत बसला नाही. खाली बसला आणि बोलत सुटला. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यानं दाढीच्या पात्यानं दोराच्या पोटातला पदर आणि वरच्या पदरांची आतली बाजू कापली होती आणि वरचे पदर पुन्हा मिटवले होते. झुल्यावर मी बसणार होते, त्याला मला पाडायचं होतं. तो म्हणाला, “जीव घ्यायचा नव्हता. पाय मोडला असता तर मोसम निघून गेला असता, एवढंच पाहिजे होतं.” सर आधी बसतात हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याला वाटलं की रंगीत तालमीपर्यंत सर झुला तपासून मोकळे झाले असतील. सरांना वर जाताना पाहिलं तेव्हा तो ओरडणार होता. ओरडला नाही. ओरडला असता तर सगळं उघड झालं असतं.

मामा, मला त्याचा राग येतो आणि गिरकी घेताना अजून त्याचाच आकडा तोंडात येतो, एक दोन तीन, मान आधी. ते शिकवणं खोटं नव्हतं. मी दोन्ही गोष्टी एका जागी ठेवू शकत नाही. काल सिंदेवाहीला त्याच्या आईला भेटून आले. त्या दार लावून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना माझ्याकडून काही नको होतं, कुणीतरी यावं एवढंच हवं होतं.

बाबूभाई परवा सुटले. मी दारातच उभी राहिले, आत जाववेना. त्यांनी पायातले बूट काढले, हात धुतले, आणि मला म्हणाले, “बेटा, तू जे पाह्यलं ते सांगतलं. मीही तेच केलं असतं. चल, भूक लागली.” एवढंच. मग जेवताना सरांविषयी बोलत राहिले. पानांच्या कापडावरून भांडण झालं त्यात सरांचंच बरोबर होतं असं म्हणाले.

सरांनी माझ्या जागी जीव दिला, तुम्ही बाबूभाईंचा वाचवला, चाचींनी मला घरात ठेवलं. इतकं देणारी माणसं एका मुलीच्या वाट्याला येतात, तर तिनं काय करावं? तुम्हीच सांगा. मला अजून पायात घुंगरू बांधवत नाहीत.

तुमची,
रंजीता

*

कोसमीटोला
१० डिसेंबर २०२२

चि. रंजीता,
आशीर्वाद.

तू विचारलं का काय करावं. मी शिकलेला माणूस नाई. पण मोहाच्या झाडाखाली वेचायले जातो तेव्हा एक पाह्यलं आहे. झाडानं फुलं टाकली अन् कोणी वेचलीच नाई, तं ती तिथीच सडते. देणाऱ्याले त्याच्यात काही सुख नाई.

तुह्या सरानं नाच दिला. नाच.

विनोदच्या मायकडे गेलीस, बरं केलं. मामी रडली वाचून. आमच्याकडून बाबूभाईले सांग का एकदा इकडं या. आंब्याले मोहर आला का इकडचं जंगल पाहण्यासारखं राह्यते.

झुल्यावर मात्र बसू नको. म्हातारा माणूस आहो, ऐक.
मुखरूमामा

*

चंद्रपूर
८ फेब्रुवारी २०२३

मुखरूभाऊ आणि बाई यांना नसीमचा सलाम. सर्व ठीक असाल ही दुआ.

भाऊ, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली, पत्र पहिल्यांदाच लिहून राह्यली. चुकलं तं हसा, पण पूर्ण वाचा. रंजीता तिच्या तोंडानं तुम्हाले हे सांगणार नाई म्हणून मीच बसली.

रविवारी मंडळीचा बॅले झाला. डिसेंबर लागल्यावर पोरगी तालमीच्या दारापर्यंत जायची अन् परत यायची. मंडळीचा कारभार आता नंदिनीमॅडम पाहते, तिनं कधी जबरदस्ती नाई केली. तुमचं पत्र आलं त्या रात्री रंजीतानं पेटीतून घुंगरू काढले अन् आमच्या आंगनात बसून एकेक पुसले. दुसऱ्या दिवशी गेली.

झुला काढून टाकला. पडदा उघडला तं झाडाच्या बुडातून ती पायानं चालत आली. सरांची खुर्ची पहिल्या रांगेत रिकामी ठेवली होती. तिनं त्या खुर्चीकडे पाह्यलं अन् मंग नाचली. मले नाचातलं समजत नाई भाऊ, पण माह्या बाजूच्या बाईनं मले विचारलं का ही कोण, तं मी सांगतलं का माही पोरगी आहे. झूट नाई बोलली ना मी?

बावीस वर्सांपासून मी यांचे शिवलेले कपडे घरात घडी करते. स्टेजवर कधी पाह्यले नव्हते. यांनीच कधी नेलं नाई, म्हणत का तिथी बसून काय करशील. आता मात्र स्वतःहून पास आणला. मोहाच्या पानांचा तो घागरा फिरला तेव्हा मले कळलं का हा माणूस सकाळी चार वाजेपासून मशीनवर काऊन बसतो.

शेवटी सगळ्याइले स्टेजवर बोलावलं अन् रंजीतानं यांचं नाव घेतलं. हे यायला तयार नव्हते, तिनं हात धरून आणलं. कॉलरले सुई तशीच अडकलेली. अन् स्टेजवर आल्यावर यांनी लोकांकडे पाठ केली अन् नाचणाऱ्या पोरापोरींले झुकून सलाम केला. जन्मभर विंगेतूनच पाह्यलं, यांच्यासाठी नाटक नाचणाऱ्याइकडंच असते. लोक आधी हसले, मंग सारे उभे राह्यले. यांले काही पत्ता नाई का आपल्या मागं एवढे लोक उभे आहेत.

दोराचं तुमचं ते पत्र कोर्टाच्या फाइलीत आहे, वापस भेटत नाई म्हणते. माह्यापाशी असतं तं मी कुराणाच्या बाजूले ठेवलं असतं. तुम्ही आम्हाले ओळखतही नव्हता भाऊ. एका दूरच्या माणसाचे हात साफ आहेत हे तुम्ही जंगलात बसून सांगतलं.

घरी आल्यावर यांनी पाणी पेता पेता विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, कपडे खूप सुंदर दिसत होते. लग्नाले पंचवीस वर्सं झाली, हे मी पहिल्यांदा बोलली. यांनी ग्लास ठेवला अन् आंगनात जाऊन बराच वेळ उभे राह्यले.

मार्चमध्ये आम्ही तिघं येऊन राह्यलो. तुमच्या घरी माणसांची गर्दी होईल, तेवढी सोसून घ्या.

तुमची बहीण,
नसीम