आबांची डुलकी

३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

(बघ, इंग्लिश मीडियमवाली असून चारही अक्षरं बरोबर!)

तुझ्या दुकानातून पाठवलेला मासे शोधायचा सेट होडीवर बसवला. एक नंबर आहे! तळाखालचा सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तो परत आला की स्क्रीनवर समुद्राचा तळ उमटतो. वाळू असली तर पातळ पट्टी, खडक असला तर जाड लाल, आणि मासे म्हणजे बारक्या कमानी. आबा म्हणाले, मग इतकी वर्षं मी काय डोळे मिटून मासे धरत होतो?

पण खरी बातमी पुढेच आहे. परवा आबांनी मला त्यांच्या खडकावर नेलं! तोच, जो त्यांनी कोणालाच कधी दाखवला नाही, तुलासुद्धा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरत गेले, आणि बावीस वाव खोलीवर जाड लाल पट्टी, वर कमानीच कमानी. मी पटकन जागा सेव्ह केली. जाळं टाकून आबा बसल्याबसल्या घोरायला लागले, म्हणून नाव ठेवलं 'आबांची डुलकी'. जागे झाल्यावर विचारलं त्यांनी, हे यंत्र कोणाला सांगणार तर नाही ना? मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तू मागितलेलं मेमरी कार्ड सोबत आहे. अपडेट करून लवकर पाठव, प्लीज. ऑपरेशननंतर आबांना जवळचं अजून नीट दिसत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. मागच्या वेळी त्यांना चिक्कू म्हणालास, ते गाळलं हं!

लोभ आहेच, फक्त पत्रं थोडी लांब लिही.
तुझी छोटी

१२ ऑक्टोबर

चि. छोटीस,
अ. आ.

कार्ड परत पाठवलंय. शाबास, कॅप्टन! दुकानात मरणाची गर्दी आहे, तुमच्या बंदरातूनच चार ऑर्डर आल्या. आबांना नमस्कार.
दादा

६ नोव्हेंबर

ती. दादास,

आज नमस्कार राहू दे.

सोमवारी आम्ही खडकावर पोचलो, तर तिथे आधीच सात होड्या. आबांनी तशीच होडी वळवली.

काल शेजारच्या तांडेलकाकांनी त्यांचा नवा सेट दाखवायला मला बोलावलं. कौतुकाने म्हणाले, यात जागा आयत्या भरून आल्यात. स्क्रीनवर काय होतं सांगू? 'आबांची डुलकी'.

ते नाव मी ठेवलं होतं, दादा. तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आबांनासुद्धा नाही.

आबांना वाटतंय मीच बडबडले. ओरडले असते तरी चाललं असतं. तीन दिवस एकटे जातायत, माझं लाइफ जॅकेट खुंटीला तसंच. मी तुझं नाव घेतलेलं नाही. तूच त्यांना लिही.
छोटी

१४ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. आ.

अगं, किती मनाला लावून घेतेस! गिऱ्हाइकाला चांगली जागा दिसली की सेट घेतो, म्हणून कार्डावरची जागा सगळ्या सेटमध्ये टाकली. नाव बदलायचं राहिलं, एवढंच. आणि समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे? आबांना सांग, यंत्राने आपोआप पाठवलं. त्यांना काय कळतंय! हा भाग वाचून दाखवू नकोस.
दादा

२२ नोव्हेंबर

दादास,

पाकीट आबांनीच पोस्टमनकडून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मी वाचलं. सगळं. 'वाचून दाखवू नकोस'सकट. नाव कुठलं विचारलं, तेही सांगितलं.

बापाची ओळ त्यांनी परत वाचायला लावली. मग खूप वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसले. म्हणाले, तो खडक त्याच्यासाठीच राखला होता. एकदा होडीवर येऊन मागायचा ना.

सकाळी त्यांनी खुंटीवरचं जॅकेट काढून माझ्या अंगावर टाकलं. सेटवर गोणपाट घातलं आणि मला दुसरीकडे नेलं, त्याहून लांब. कुठल्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या ते मला डोळ्यांनी पाठ करायला लावलं, तीनदा. परत येताना म्हणाले, आता तू सांग, मी घोरतो का?

ती जागा कुठेच सेव्ह केलेली नाही.

यापुढेही तुझी पत्रं मीच वाचणार आहे. एक ओळ गाळणार नाही.

लोभ अजून आहे. तेवढ्यावर भागव.
छोटी