मोठ्या कपाळाचा मुखवटा

प्रति,
निवडणूक निर्णय अधिकारी,
वॉर्ड निवडणूक कचेरी,
बसवनगुडी, बंगळूर.

विषय : मुखवट्यांच्या खपानुसार निकाल दुरुस्त होण्याबाबत व श्री. हयवदन उमर्जी यांना अद्दल घडण्याबाबत.

संदर्भ : माझे याच विषयावरील इंग्रजी व कन्नड अर्ज. दोन्हींना उत्तर नाही.

महोदय,

आपण घरी मराठी बोलता असे खात्रीलायक समजल्यावरून हा तिसरा अर्ज मराठीत करीत आहे. भाषा कळली नाही ही सबब आता उरलेली नाही.

१. मी शरीरशास्त्राचा सेवानिवृत्त प्राध्यापक असून मेंदू हा माझा विषय आहे. शास्त्रीय प्रतिभेचे स्थान कपाळामागच्या मेंदूत असते, असे मी उभी हयात शिकवीत आलो. हयवदन माझा विद्यार्थी. मेंदूची आकृती काढ म्हटले तर त्याने फुलकोबी काढला आणि मी त्याला नापास केले. पुढे त्याने चिकपेटेत कापडाचे दुकान थाटले. या खेपेस तो माझ्याविरुद्ध उभा राहिला आणि निवडून आला. हे मला सहन होत नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

२. नाटकांचे पोशाख भाड्याने देणारे व्यंकोजीराव दर निवडणुकीआधी उमेदवारांचे कागदी लगद्याचे मुखवटे करून आमच्याकडच्या कडलेकाई परिशेत, म्हणजे शेंगांच्या जत्रेत, विकतात. ज्याचा मुखवटा जास्त खपतो तोच निवडून येतो, असा आजवरचा अनुभव आहे. यात अंधश्रद्धा मुळीच नाही. पोर ज्याचे तोंड मागते, त्यालाच बाप मत देतो. हा नियम मी भर सभेत मांडला तेव्हा हयवदनने टाळ्या वाजवल्या. म्हणजे नियम त्यालाही मान्य होता, याची कृपया नोंद घ्यावी.

३. माझ्या मुखवट्याचे कपाळ दीडपट मोठे करावे, म्हणजे प्रतिभा लांबूनही दिसेल, आणि डोळे चांगले टपोरे असावेत, अशी सूचना मी स्वतः केली. व्यंकोजीराव "सरी स्वामी, तुमचं डोकं, तुमची मर्जी" एवढेच बोलले. जत्रेत तो मुखवटा पाहून पोरांनी भोकाड पसरले. हयवदनचा गुबगुबीत, हसरा मुखवटा, ज्यात मेंदूला जागाच ठेवली नव्हती, दुपारपर्यंत संपला. मी पडलो.

४. येथवर मी गप्प बसलो असतो. परंतु उरलेले मुखवटे व्यंकोजीरावांनी एका गवंडी मेस्त्रीला देऊन टाकले. बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून इकडे राक्षसाचे तोंड टांगतात, त्याला दृष्टीबोंबे म्हणतात, हे आपणांस सांगणे नलगे. मेस्त्रीने माझे तोंड टांगले. ते घर विनाविघ्न उभे राहिले आणि मागणी सुरू झाली. आता राक्षस कोणी घेत नाही. जयनगरपासून बनशंकरीपर्यंत जिथे विटा रचल्या जात आहेत तिथे मिरच्या-लिंबांच्या माळेत मीच लटकतो आहे.

५. माझी पत्नी विमला आणि मी लग्नापासून संध्याकाळी जोडीने फिरायला जात असू. परवा ती रस्त्यातच थांबली. "तुम्ही पुढं व्हा, मी स्वल्प मागनं येते. लोक आधी भिंतीकडं बघतात, मग तुमच्याकडं," म्हणाली. तेव्हापासून मी एकटाच फिरतो. मला हे फार लागले आहे आणि याला हयवदनच जबाबदार आहे.

६. सबब, खपाच्या नियमानुसार आज सर्वाधिक मुखवटे माझे खपले असल्याने मला विजयी घोषित करावे. मुखवटा मतदानाआधीच खपला पाहिजे असे नियमात कोठेही म्हटलेले नाही. ते मीच म्हणावयास हवे होते, पण ते निराळे.

७. आता मुख्य गोष्ट. हयवदन जयनगरात दुमजली घर बांधीत आहे आणि त्याच्या गच्चीवर माझाच मुखवटा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यास तो सांगतो, "सरांनी मला नापास केलं खरं, पण घर राखायला सरच हवेत." मी समक्ष जाऊन काढ म्हटले, तर त्याने शिडी लावून मुखवट्यावरची धूळ पुसली, त्याला हात जोडले आणि मला कॉफी विचारली. मी घेतली नाही.

निवडणुकीनंतर प्रचाराचे साहित्य उतरवण्याचा अधिकार आपणांस आहे. माझा मुखवटा हे माझ्या प्रचाराचेच साहित्य होय. निकाल दुरुस्त होत नसेल तर राहू द्या. इतर घरांवरचे मुखवटेही राहू द्या, ती माणसे माझी कोणी नव्हेत. फक्त हयवदनच्या गच्चीवरचा मुखवटा गृहप्रवेशाआधी काढून घ्यावा. त्याच्या घराला काय लागायचे ते खुशाल लागू दे. मी शास्त्राचा माणूस आहे, दृष्ट वगैरे मानीत नाही. परंतु मुखवटा निघताच रोज सकाळी मी स्वतः समोरच्या फुटपाथवर उभा राहून त्या घराकडे टक लावून पाहणार आहे. प्रयोग करण्यास कोणाची हरकत नसावी.

हुकुमाची वाट पाहणारा, अजूनपर्यंत नम्र,

(सही)
प्राणेश भीमाचार्य गलगली
बसवनगुडी, बंगळूर
दि. १९ मार्च १९५८

सोबत : माझा मुखवटा, नमुन्यादाखल एक. कचेरीच्या नव्या मजल्यासाठी वापरू नये.