कितवे अपत्य

६ सप्टेंबर १९७६

यादी हवी! हेडक्लार्क मधुकरराव सकाळीच टेबलाशी उभे. जन्माच्या रजिस्टरात ‘कितवे अपत्य’ असा एक रकाना आहे. त्यात तीन किंवा वरचा आकडा असेल त्या बापांची नावं काढायची. नसबंदीचा कोटा आलाय म्हणे. “कौसल्याबाई, आठ दिवसांत पाहिजे.”

मी म्हटलं, लोकांनी पोराच्या दाखल्यासाठी नाव लिहवलं, यासाठी नाही. तर म्हणाले, “रजिस्टर लोकांचं नाही, सरकारचं आहे.” बरं बाबा, सरकारचं तर सरकारचं!

घरी आले. वरण-भात केला. जेवले.

८ सप्टेंबर

नावंच काढून राहिले. उकडतंय नुसतं.

१० सप्टेंबर

एक गोष्ट खटकली. हा रकाना जन्मलेली पोरं मोजतो, जगलेली नाही. चौथं लिहिलं म्हणजे घरात चार आहेत असं थोडीच! मयतांचं रजिस्टर बाजूच्याच कपाटात. तेही मीच लिहिते. दोन्ही ताडून पाहायला हवीत. मधुकररावांना सांगितलं. “ताडायला महिना जाईल. आधी यादी द्या, ताडणं मग.”

रुपरावचं नाव निघालं. आमच्याच ऑफिसचा शिपाई. पोरगी देवकी — अपत्य चौथे. आधीचे तिघे गेले, दोन हगवणीने, एक धनुर्वाताने. तिन्ही मयतांच्या नोंदी माझ्याच हातच्या. त्याचं नाव गाळावं का? मग बाकीच्यांचं काय? लिहिलं. अक्षर मात्र छान आलं.

१४ सप्टेंबर

यादी गेली.

२९ सप्टेंबर

रुपराव आला. रोज लांबूनच जयभीम घालतो, आज नुसताच उभा. “बाई, माहा पगार अडवला. म्हंतात, ऑपरेशनचं कार्ड आण. मले तं एकच पोरगी हाये!”

त्याला घेऊन मधुकररावांकडे गेले. “मला माहीत नाही का? पण वरून आलेल्या यादीतलं नाव काढायचा मला अधिकार नाही.” वरून आलेली! इथूनच गेली, वर जाऊन खाली आली, तर वरून आलेली झाली. हसू यायला हवं होतं. नाही आलं.

तिन्ही मयतांचे उतारे काढून दिले. अर्ज लिहून दिला. अर्ज आवक झाला. आवक होऊन पडला.

१३ ऑक्टोबर

रुपरावचं ऑपरेशन झालं. पगार सुटला.

१८ ऑक्टोबर

त्याची बायको आली, वच्छला. देवकी काखेत. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाई, माह्या लेकरायचं मरण तुमीच तं लिवलं नं? मंग काहून नाही सांगतलं?”

सांगितलं होतं वं, मी म्हटलं.

“कोनाले?”

 देवकीला दुसऱ्या काखेत घेऊन ती गेली. मला रडू यायला हवं होतं. काही होतच नाही! डोकं सुन्न, जसं दुसऱ्या कुणाचं. भाजी घ्यायची राहिली, पोळीशी चटणी खाल्ली.

५ नोव्हेंबर

रुपराव चहा ठेवतो आणि जातो.

२३ मार्च १९७७

सरकार पडलं. मधुकरराव एकदम गोड! “त्या याद्या ‘ड’ मध्ये टाका.” आमच्याकडे कागदांना वर्ग असतात — ‘अ’ कायमचे ठेवायचे, ‘ड’ वर्षभराने जाळायचे. वर्ष कुठे झालंय, मी म्हटलं.

“तारीख मागची टाका हो! यादी तयार करणारी म्हणून खाली सही तुमचीच आहे बाई. उद्या चौकशी लागली तर? तुमच्याच भल्याचं सांगून राहिलो.”

खरं आहे. सही माझीच. घरी आले. भीती वाटली, फार भीती वाटली. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं तरी!

२४ मार्च

यादीवर लाल शाईने ‘अ’ लिहिलं. शिक्का मारला, रेकॉर्डला चढवली. आता ती कुणाला जाळता यायची नाही — मलाही नाही.