फोटोबाहेरचा हात

प्रिय आई,

“हाड जुळलंय, पण वाकडं जुळलंय.” माझ्या लग्नानंतर डॉक्टर तुझं मनगट फिरवून पाहत म्हणाले होते. आज बोळिंजच्या फोटो स्टुडिओत ते वाक्य आठवलं आणि लाजेने मला खुर्चीतून उठवेना. म्हणून लिहितेय.

तुला जाऊन वर्ष होतंय, रविवारी चर्चमध्ये तुझ्या वर्षाची मिस्सा. स्मरणकार्डासाठी फोटो निवडायचं काम पास्कूने माझ्यावर ढकललं. तुझा धाकटा लेक हुशारच ना! “ताई, तुला आई बरोबर कळते,” म्हणाला.

कळतेस? प्रत्येक फोटोत तुझा उजवा हात पदराआड, नाहीतर कुणाच्या तरी पाठीमागे. ही सवय तुला कोणी लावली? मीच ना?

वाडीला पाणी पुरवणाऱ्या बावखलाच्या काठावरून घसरून तू मनगट मोडून घेतलंस, तेव्हा माझं लग्न तोंडावर आलं होतं. आणि मी फुगून बसले, “सगळ्या फोटोंत हे पांढरं प्लास्टर दिसणार!”

तू दुसऱ्या दिवशी हात बादलीत बुडवून बसलीस. भिजलेलं प्लास्टर डाव्या हाताने कातरून काढलंस. “घे, झालं बरं. घाल बांगड्या,” म्हणालीस. तू ओठ चावत होतीस, तरी मी त्या हातात घातल्या!

पुढे डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडून सरळ बसवू. तू हसलीस, “एकदा मोडलं तेवढं पुरे. आता काय माझं लग्न आहे?” आणि मला हायसं वाटलं. तेव्हा तरी माझ्यावर ओरडायचंस गं!

एकाच फोटोत तू हात लपवायला विसरली आहेस. टोपलीभर मोगरा, बाहेरच्या बाजूला वळलेलं मनगट, आणि तू खळखळून हसतेयस. स्टुडिओवाला म्हणाला, “ताई, चेहरा मस्त आलाय. हात वाकडा दिसतो, कापू?”

मी मान डोलावली. आई, तू नसतानाही मी हो म्हटलं!

मग कसंबसं त्याला थांबवलं. फोटो अजून त्याच्याकडेच आहे.

तुला शब्द देते, यापुढे तुझ्या एकाही फोटोला मी कात्री लावू देणार नाही. पण हे कार्ड गावभर जाईल, म्हणून तुला विचारते. त्यावर हाच फोटो लावू, तुझ्या हातासकट?

“नको गं बाय,” म्हणशील, “माणसं हातच बघत बसतील, प्रार्थना कोण करणार?”

तरी एकदा हो म्हण ना, आई.

तुझी,
रेजिना