फ्रिजमधला मेंढा

बदलापूर
१४ नोव्हेंबर १९९१

श्री. जयदेव यांस,

पद्मजाचा नमस्कार. दिवाळी माहेरी बरी गेली. अण्णांचा खोकला उतरलाय. तुमच्या आईंच्या गुडघ्यांची चौकशी करायची पद्धत आहे म्हणून करते.

वकिलाचे कागद पोचले. 'परस्पर संमतीने' असं त्यात छापलंय. माझी संमती कुणी, कधी विचारली? नीलिमा नावाच्या मुलीला तुम्ही रविवारी बघायला जाणार हेही मला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या मावशीकडून कळलं. सही मी केलेली नाही.

मी मांस फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून घर मोडलं, असं तुम्ही अख्ख्या अंबरनाथला सांगत फिरता. मांस नव्हतं ते. माझी पीएच.डी. होती. लॅबला सुट्टी होती, म्हणून मेंढ्याचे वृषण बर्फात घालून एका दिवसापुरते घरी आणले होते, घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा नाल्यात ओतला असं तुम्ही आईंना सांगितलंत. मग त्यांनी ऐन नवरात्रात घर धुऊन काढलं आणि शेजारच्या बायकांसमोर मला वांझ म्हणाल्या. तुम्ही पेपर वाचत होता.

परवा कॅम्प पाचच्या मटणवाल्याकडे नवे नमुने सांगायला गेले. तो हसून म्हणाला, "भाभीजी, आप क्यों तकलीफ करती हो? साब तो हर इतवार कपूरा ले जाते हैं. बाजूवाले ठेले पे भुनवा के वहीं खाते हैं. बोलते हैं, डॉक्टर ने उनमें कमी बताई है, बच्चे के वास्ते खाना पड़ता है."

कपूरा म्हणजे तेच, वृषण. म्हणजे माझा डबा नाल्यात गेलाच नव्हता. शाब्बास!

चार वर्षं मी काय करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आता फुकट ऐका. वृषणातून निघालेल्या शुक्रजंतूला पोहताही येत नाही. वृषणाला चिकटलेल्या लांबलचक नळीतून तो हळूहळू सरकतो, वाटेत त्याच्या अंगावरची काही प्रथिनं जातात, काही नवी येतात, तेव्हा कुठे तो कामाचा होतो. ही अदलाबदल त्या मेंढ्याच्या अंगात होते. ठेल्यावर भाजून, लिंबू पिळून खाल्लं की पोटात ते डाळीसारखंच पचून जातं. तुमच्या आईंची तूरडाळ स्वस्त पडली असती.

कमी तुमच्यात आहे याचा मला राग नाही. खरंच नाही. मी तुमच्याबरोबर डॉक्टरकडे आले असते, बाकावर बसले असते, मूल नसलं तरी तुमच्याबरोबर राहिले असते. पण तुम्ही ते मटणवाल्याला सांगितलंत आणि मला नाही. माझ्याकडून सोळा सोमवार करवून घेतलेत, त्या जांभूळ गावच्या बाईचा कडू काढा पाजलात, आणि समोर बसून माझं तोंड वाकडं होताना बघितलंत. इतकी घाण माझ्या कुठल्याही डब्यात नव्हती, जयदेव.

आता त्या नीलिमालाही तोच काढा पाजणार ना?

शनिवारपर्यंत आईंना स्वतःच्या तोंडाने सांगा. नाही सांगितलंत, तर रविवारी नीलिमाच्या घरी कांदेपोह्यांना मीही येईन. मटणवाला बरोबर यायला तयार आहे. त्याला वाटतंय, गिऱ्हाइकाच्या घरचं शुभकार्य आहे.

अजून कायद्याने तुमचीच,
पद्मजा