तिसऱ्या ग्लासनंतर

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय मामा,

नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे ते फोनवर तू सांगत नाहीस, म्हणून इथे विचारते. दुकानातून वर खोलीत जायचा जिना दिवसातून किती वेळा चढतोस तेही लिही, आणि खरं लिही.

पत्र पाहून दचकू नकोस. नापास झालेले नाही, आजारी नाही. फोनवर तुझ्या मागे गिऱ्हाइकं बोलत असतात आणि तू अर्धं लक्ष काउंटरवर ठेवून 'हं, हं' करतोस. या वेळी मला सगळं लक्ष हवं आहे.

अभ्यास ठीक. रसायनाच्या प्रयोगशाळेत सर म्हणाले, माझा हात मापाला पक्का आहे. कुठे शिकलीस, असं विचारलं. मी हसले. मामाचा बार आहे, एवढं सांगायला काय हरकत होती, पण नाही सांगितलं.

मित्रमैत्रिणी झाल्या का, असं तू दर वेळी विचारतोस आणि मी 'खूप' म्हणते. त्याबद्दलच लिहायचं आहे.

इथे शुक्रवार गुरुवारीच सुरू होतो. जिथे चार जण जमतात तिथे बाटली असते. पहिल्या महिन्यात मी रिकाम्या हातांनी बसायचे. 'औषध चालू आहे का तुझं?' 'घरचे कडक आहेत का?' 'म्हणजे आम्ही बरळणार आणि तू बघत बसणार?' चिडवणंच ते, पण शेवटच्या प्रश्नात भीती होती. मग बोलावणी कमी झाली. माझी खोलीवाली, जिला सगळे कुरळी म्हणतात, ती तयार होऊन निघताना दारात क्षणभर थांबायची. मीच म्हणायचे, 'जा गं, मला वाचायचं आहे.'

एकदा ती ओढूनच घेऊन गेली. आमच्या वर्गात एक उंच मुलगा आहे, त्याला झिराफ म्हणतात. त्याच्या घरी सगळे जमतात. तो स्वयंपाकघरात ग्लास भरत होता आणि निम्मं ओट्यावर सांडत होता. मला बघवेना. मी म्हटलं, 'सरक.' फडकं घेतलं, ग्लास ओळीत लावले, बर्फ आधी घातला. कुणीतरी शिट्टी वाजवली. त्या दिवसापासून मी मालकीणबाई. माझ्याशिवाय पार्टी ठरेना. तू का पीत नाहीस हे कुणी विचारेना. दुकानदार आपला माल खात नाही, एवढं सगळ्यांना पटतं.

मला वाटलं, जमलं.

आता तुझी विद्या. तू ती मला कधी शिकवली नाहीस, मी पाहून उचलली. तिसऱ्या ग्लासनंतर माल पातळ करायचा. ग्लास तोच, बर्फ जास्त, कडेला लिंबू चोळायचं. पाचवा तर नुसता सोडाच. गिऱ्हाइकाला कळत नाही. 'माणूस घरी गेला पाहिजे,' असं तू एकदा बाटल्या पुसताना म्हणाला होतास, बहुधा स्वतःशीच. मीही तेच करत होते. सगळे आपापल्या पायांनी घरी जात होते. मला त्याचा अभिमान होता, मामा. मी कुणाला बोलले नव्हते, पण होता.

मागच्या महिन्यात परीक्षा संपली त्या संध्याकाळी ग्लास बदलले गेले. खायचं आणायला गेलेला झिराफ उशिरा परतला होता, त्याचा पहिलाच होता. त्याने चुकून कुरळीचा उचलला, घोट घेतला आणि म्हणाला, 'हे काय आहे? नुसता सोडा आहे हा.'

कुरळी हसली. 'माझा पाचवा आहे तो. जीभ तपासून घे.'

त्याने शेजारच्याचा घेतला, मग त्याच्या शेजारच्याचा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. 

झिराफला आधी हसू आलं. 'म्हणजे मागे मी टेबलावर चढून नाचलो ते सोड्यावर?'

'शेवटचे दोन, हो.'

'अगं, मग मी वेडाच आहे.' तो हसला, बाकीचेही हसले. पण कुरळी हसली नाही. ती मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

'त्या दिवशी,' ती म्हणाली, 'घरी येताना मी तुला जे सांगितलं, ते?'

तिने मला काय सांगितलं होतं ते मी लिहिणार नाही. काउंटरवर ऐकलेलं काउंटरवर ठेवायचं, हे तुझंच. एवढंच लिहिते की ते तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ती रडली होती, आणि सकाळी म्हणाली होती, 'काल फार झाली मला, काय बोलले आठवत नाही.' मीही म्हटलं होतं, 'काही विशेष नाही.'

'त्या दिवशीही पातळ?'

'हो.'

'म्हणजे मी शुद्धीत होते.'

'बरीचशी.'

'आणि तुला ते माहीत होतं.' ती कठड्याला धरून उभी राहिली. 'मला वाटत होतं, चढली म्हणून बोलले. तेवढा एक आडोसा होता मला. तोही तू काढून घेतलास, आणि काढून घेतला हे सांगितलंसुद्धा नाहीस.'

मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठी. ती म्हणाली, 'मी तुझं गिऱ्हाईक आहे का गं?'

त्यानंतर आमच्या खोलीत फक्त कामापुरतं बोलणं. दिवा मालवू का. किल्ली कुठे आहे. एका खोलीत राहून एवढं कमी बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी खूप विचार केला. मला सगळ्यांचं सगळं माहीत होतं: कुणाचं कुणाशी मोडलं, कुणाला घरी जायची भीती वाटते. माझं कुणाला काय माहीत होतं? काहीच नाही. न पिणं ही एक गोष्ट आहे आणि काहीच न सांगणं ही दुसरी. मी पहिलीच्या पदराआड दुसरी करत होते.

गेल्या रविवारी कुरळी पलंगावर मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, 'मला एक सांगायचं आहे. मी प्यायलेली नाही आणि तूही नाहीस.'

जे सांगितलं ते आता तुलाही सांगते. आई गेली आणि मी तुझ्याकडे राहायला आले, तेव्हाची दुपार. दुकान बंद होतं. मी पाणी प्यायला खाली आले. तू कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होतास, पुढ्यात बाटली. तू मला पाहिलंस.  उठलास, बाटली बेसिनमध्ये रिकामी केलीस, बेसिन धुतलंस, हात धुतलेस आणि विचारलंस, 'भूक लागली का?' त्यानंतर तुला पिताना मी पाहिलेलं नाही. दुकानातल्या कुठल्याच टेबलाशी बसलेलंही पाहिलेलं नाही. तू जेवतोससुद्धा उभ्यानं.

तू माझ्यासाठी सोडलीस, म्हणून मी सुरूच केली नाही. चव, औषध, डोकेदुखी, जी जी कारणं मी लोकांना दिली, ती सगळी खोटी.

कुरळीने हातातली जोडी गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाली, 'हे मामांना माहीत आहे?'

'नाही.'

'म्हणजे त्यांना न विचारता त्यांच्यासाठी पीत नाहीस.'

'हो.'

'आणि मला न विचारता माझ्यासाठी पातळ करत होतीस. सवयच आहे तुला.'

रागावून म्हणाली नाही. मग उरलेला एक मोजा माझ्याकडे फेकून म्हणाली, 'मला कशाला सांगतेस? त्यांना सांग.'

म्हणून हे पत्र.

परवा शुक्रवारी आम्ही झिराफकडे गेलो. ग्लास तोच भरत होता, फार कडक. मी सोफ्यावर बसले. हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. एकाने विचारलंच, 'मालकीणबाई, खरं सांग, का पीत नाहीस?'

'मामामुळे.'

'रागावतात?'

'नाही. मला आवडतो तो.'

तो उठून गेला नाही.  आपल्या बहिणीबद्दल काहीतरी सांगू लागला. मी ऐकलं, मग मीही थोडं सांगितलं. काही जण मात्र आता माझ्याशी जपून बोलतात. ते राहील असं दिसतं.

मामा, त्या दुपारी मी जिना उतरले नसते तर काय झालं असतं, हे मी तुला कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. एवढंच म्हणायचं आहे: मी पुढेही पिणार नाही, पण आता ते माझं मी ठरवलं आहे. तुझ्यावर त्याचं ओझं नको. आणि तू न पिण्याचं जे धरून ठेवलं आहेस, ते माझ्यासाठी म्हणून असेल, तर मी मोठी झाले आहे. धरून ठेव, नक्की धरून ठेव, पण स्वतःसाठी. आणि कधी जड झालं तर मला सांग. पातळ न करता सांग.

उत्तर फोनवर देऊ नकोस, लिही. तुझं अक्षर मला लागतं.

तुझ्याकडेच वाढलेली,
तुझी भाची