हेलिकॉप्टर बंद पडावं म्हणून

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

रविवारी घरी कानबाई देवी बसणार आणि जगदीश येतोय! एका मुक्कामापुरता. सोमवारी विसर्जन झालं की लगेच हैदराबाद. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, इथे वहीत मात्र तो 'तो'च.

आज सासूबाईंनी रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे गहू काढले. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठ. जगदीशची मूठ अशी गच्च भरली की दाणे खाली सांडले. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आते आखो एक नाव वाढाले पाहिजे."

मी खाली मान घालून गहू निवडत राहिले. काय सांगणार? लग्नाला सहा वर्षं झाली. मूल, बिऱ्हाड, एकत्र राहणं — सगळं एकाच गोष्टीवर अडलंय. आधी त्याचं हेलिकॉप्टर उडू दे. मी धानोऱ्याच्या शाळेत पाढे शिकवते, तो तिकडे लष्कराच्या नव्या हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स करतो. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

४ ऑगस्ट, सोमवार

गेला.

काल जेवताना आप्पांनी विचारलं, "तुन्हं ते इमान कव्हय उडी रे?" लेकाचं हेलिकॉप्टर सासऱ्यांसाठी अजून इमानच. जगदीश आधी हसला, मग बोलतच सुटला. एक साहेब म्हणतो बर्फाच्या डोंगरावर चढलं पाहिजे. दुसरा म्हणतो जहाजावर उतरलं पाहिजे. तिसऱ्याला गोळी लागू नये म्हणून पत्रा जाड हवा. पत्रा जाड केला की वजन वाढतं, म्हणून इंजिन मोठं. इंजिन मोठं की तेल जास्त पितं, म्हणून टाकी मोठी. टाकी मोठी की परत वजन. नकाशा पुरा होतो न होतो तोच साहेब बदलतो, आणि नव्याला नवंच काही हवं असतं.

"मंग बंद काब्र नही करतस?" आप्पा म्हणाले.

"इतला खर्च व्हई गया आप्पा, आते बंद कोण करी?"

"म्हणजे रोटच शे. मांडा म्हणजे संपाडनाच पडस."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. रोट निदान पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो, याला तेवढीही मुदत नाही.

उरलेला रोट सासूबाईंनी डब्यात बांधून दिला. तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. "तूच खायजो. कोणले देऊ नको," असं त्याला तीनदा बजावलं. आज कानबाईला निरोप देताना बायका काय काय मागत होत्या. मी मागितलं — ते हेलिकॉप्टर बंद पडू दे. नवऱ्याच्या कामाचं वाईट चिंतलं म्हणून लाज वाटली, पण शब्द काही मागे घेतले नाहीत.

७ ऑगस्ट

रोट त्याच्या सगळ्या टीमनं मिळून खाल्ला म्हणे! मोठ्या साहेबांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतला. सासूबाईंना कळू द्यायचं नाही असं ठरलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बंद झालं.

मधल्या सुट्टीत फोन आला. "ममता, गुंडाळं त्यास्नी," एवढंच म्हणाला. मी "अरेरे" म्हटलं. नंतरच्या तासाला पोरं पाढे म्हणत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. तो येणार. नोकरी त्या कामापुरतीच होती, आता तो येणार आणि इथेच राहणार!

२१ सप्टेंबर, रविवार

रोट टीमनं खाल्ल्याचं आज फोनवर बोलता बोलता जगदीशच्याच तोंडून निघालं. सासूबाई म्हणाल्या, "भाऊबंदकीना बाहेर रोट दिना, मंग दुसरं काय व्हई?"

त्यानं फोनवरून शांतपणे समजावलं. उशीर झाला की किंमत वाढते. किंमत वाढली की सरकार कमी हेलिकॉप्टरं घेतं. कमी घेतली की उरलेलं प्रत्येक आणखी महाग पडतं, मग अजून कमी. तोवर लढायाच बदलल्या. टेहळणीला आता बिनमाणसाचं ड्रोन जातं. ते पडलं तर कोणाच्या घरी निरोप द्यावा लागत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कानबाईची माफी मागायला देवघरात गेल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. खरं तर माफी मी मागायला हवी होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

आला. दोन मोठ्या बॅगा, कायमचा. सकाळी दोघांचा चहा ओसरीवर घेतला. मी बडबड बडबड केली.

२ नोव्हेंबर, रविवार

शेतात जातो. विहिरीवरची मोटार सुरू करतो आणि तिचा आवाज ऐकत उभा राहतो. आप्पा हाका मारतात, याला ऐकूच येत नाही.

तिकडे होता तेव्हा रोज फोनवर तासभर बोलायचा. तेल गळून गेल्यावरही गिअरबॉक्स चालत राहिला पाहिजे, खाली उतरेपर्यंत पायलटला दगा देता कामा नये, असलं काही काही. मला निम्मं कळायचं नाही, पण आवाज असा गरम गरम यायचा! आता विचारलं काय झालं, तर "काही नही." मुलाचा विषय काढला. म्हणाला, "बघू." हेलिकॉप्टर होतं तेव्हाही बघूच होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

"पोऱ्या घर उना, नी तू रडी ऱ्हायनी?" सासूबाईंनी मला चुलीपाशी पकडलं. धूर गेला डोळ्यात, म्हटलं.

मला फोनवरचा जगदीश हवाय. हा शेजारी बसतो, जेवतो, ताटही उचलून ठेवतो. पण त्याची आठवण येते म्हणून मी याच्याच शेजारी बसून रडते. माझं मागणं पुरं झालं आणि मीच हरले.

९ डिसेंबर, मंगळवार

शाळेतून त्याच्या जुन्या साहेबांना फोन केला. नवं काही निघालंय का, विचारलं. म्हणाले, निघतंय, पण लांब, पार आसामकडे, आणि आठ-दहा वर्षं तरी जातील. तेही मध्येच गुंडाळलं जाऊ शकतं. म्हटलं, तरी बोलवा त्यांना. फक्त मी फोन केला होता हे सांगू नका.